शिडीमामाचं शेवटचं पान

शिडीमामाची शिडी बटण दाबल्यावर लांब होते, हे मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बटण! अहो, बटण लिफ्टला असतं. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलोय, बटणाचं मला सांगू नका. शिडीला पायऱ्या असतात, असतात तेवढ्याच असतात, आणि त्या पुरत नाहीत. पुरल्या असत्या तर शिडीमामाची गोष्ट झालीच कशाला असती?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या लहानपणी मुलांसाठी एक चित्रकथांचं पाक्षिक निघायचं. त्यात शिडीमामा यायचा. बुटका, मिशाळ, खांद्यावर लाकडी शिडी आणि मागून चालणारं ठमी नावाचं बदक. हा बाबा गावोगाव फिरणार, कुणाचा पतंग अडकलाय, कुणाची मांजर कौलावर चढलीय, की हा शिडी लावणार. आणि शिडी दरवेळी हातभर कमी पडणार. मग पुढे काय, ती गोष्ट. ठमी जन्मात एक अक्षर बोलायची नाही. फक्त नको तिथे, नको त्या वेळी अंडं घालायची. आम्ही हसून हसून लोळायचो.

आम्ही म्हणजे मी आणि ताई.

त्या शिडीमामावर कार्टून मालिका येणार असं कळलं, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. कामावर सगळ्यांना सांगत सुटलो. जोडीदार म्हणाला, "या वयात कार्टून? केस गळाले तुमचे." मी म्हटलं, "केस गळाले, अक्कल नाही गळाली." पण खरं सांगू का, मला शिडीमामा बघायचा होताच, पण त्याहून जास्त मला तो ताईबरोबर बघायचा होता. माझी बायको गेल्यापासून माझ्याशी घरात बोलणारं कुणी नाही. मूलबाळ नाही. ताई दुसऱ्या शहरात, मुलाकडे. मेव्हणे गेल्यावर तिनं तिचं बिऱ्हाड मोडलं आणि भाच्यानं तिला नेलं. दर रविवारी आमचा फोन होतो. जेवलास का, जेवलो. गोळी घेतलीस का, घेतली. तुझे गुडघे कसे आहेत, आहेत तसेच. बरं, ठेवते. एवढंच. ज्या बहिणीशी मी एका पांघरुणात खिदळलो, तिच्याशी माझं आता रक्तदाबापलीकडे बोलणं होत नव्हतं आणि ते मला सहन होत नव्हतं. मला वाटलं, एकदा शिडीमामा दोघांनी मिळून बघितला, फोन कानाला लावून, की ती पुन्हा बोलायला लागेल. पूर्वीसारखी.

पूर्वीसारखी म्हणजे कशी, तेही सांगायला हवं.

आमचे वडील मी पाळण्यात असतानाच वारले. आई दातांच्या दवाखान्यात कामाला होती. झाडलोट करायची, हत्यारं उकळून ठेवायची. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेरच्या बाकावर ठेवायला हे पाक्षिक घ्यायच्या आणि अंक जुना झाला की आईला म्हणायच्या, ने मुलांना. त्या अंकांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा. अजूनही मला लवंगेचा वास आला की शिडीमामा आठवतो, दात आठवत नाहीत.

पण त्या अंकांत एक गोम होती. पाक्षिकाच्या मागच्या पानावर बक्षिसाचं कोडं असायचं. सोडवायचं, पान कापायचं, पाठवून द्यायचं. दवाखान्यात गाल धरून कण्हत बसलेला माणूससुद्धा ते पान फाडून खिशात घालायचा. आणि शिडीमामाच्या गोष्टीचा शेवट नेमका त्याच पानाच्या आतल्या बाजूला. त्यामुळे आमच्या घरी आलेल्या एकाही अंकातली गोष्ट पुरी नसायची. शिडी कमी पडली, मामानं डोकं खाजवलं, आणि पुढे फाटलेली कड.

मी भोकाड पसरायचो. मग ताई म्हणायची, "रडू नको बारक्या. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीकडे अख्खा अंक येतो. मी वाचलाय. सांगते." आणि सांगायची. नुसतं सांगायची नाही, फाटलेल्या कडेशेजारी सतरंजीवर बोट ठेवून एकेक चौकट दाखवायची. "ही पहिली. यात मामा मिशीला पीळ देतोय. ही दुसरी. ठमी बघ कशी मान वाकडी करून बसलीय." मला ती चित्रं दिसायची. आजही दिसतात. मामाच्या सदऱ्याचं बटण कुठल्या चौकटीत तुटलं ते मी सांगू शकतो.

त्यात माझी सगळ्यात लाडकी म्हणजे पाण्याच्या टाकीची गोष्ट. एक पोरगा उंच टाकीवर चढून बसतो आणि त्याला उतरता येत नाही. मामा शिडी लावतो. ती टाकीच्या निम्म्याला पोचते. अंधार पडायला लागतो, गाव आपापल्या घरी जातं. इथे पान फाटलेलं. आणि शेवटच्या पानावर मामा शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसतो. वर बघून म्हणतो, "मला तिथवर येता येत नाही रे. पण मी इथून हलत नाही. तू बोलत राहा." रात्रभर तो पोरगा वरून बोलतो आणि मामा खालून. पोरगा भ्यायला की मामा त्याला ठमीच्या तक्रारी सांगतो. सकाळी गाव जागं होतं, बघतं, ओशाळतं, आणि घराघरातून शिड्या निघतात. एकीला एक बांधून पोराला उतरवतात. ठमीनं रात्रीत सगळ्यात वरच्या पायरीवर अंडं घातलेलं असतं आणि मामा त्यावरच बसलेला असतो.

सांगा, याला तोड आहे का?

तर तो रविवार उजाडला. सकाळी मी चहा करून टीव्हीसमोर बसलो आणि ताईला फोन लावला.

"लावलंस का, ताई?"

"लावलंय. आवाज बारीक ठेवलाय, नातू झोपलाय. वाटाणे सोलता सोलता बघते."

"वाटाणे नंतर सोल ना!"

"सुनेला आज रविवारीही कामावर जायचंय, बारक्या. तू बघ, मी ऐकतेय."

सुरुवातीलाच ठमी काळा चष्मा लावून नाचत आली आणि गायला लागली. बदक, गाणं! मामाच्या मिशा गायब. त्याला चक्क तरुण केलेला, अंगात चकचकीत जाकीट. दर दोन वाक्यांनंतर कुणीतरी धपकन पडायचं आणि मागे हसण्याचा आवाज.

"ताई, ठमी बोलतेय बघ!"

"बोलू दे की. मुलांना आवडतं तसं."

"अगं पण ठमी कधी बोलली होती का?"

"मला कुठे आठवतंय रे. केवढी वर्षं झाली."

मी मनाशी म्हटलं, धीर धर, गोष्ट टाकीचीच निवडलीय. ती नाही बिघडवता येणार कुणाच्या बापाला. पोरगा चढला. गाव जमलं. शिडी लागली, कमी पडली. मी खुर्चीच्या कडेला आलो. "आता बघ हं ताई, आता बसेल बघ तो वरच्या पायरीवर." आणि त्या जाकीटवाल्यानं डोळा मारला आणि शिडीवरचं लाल बटण दाबलं. शिडी सुसाट वर गेली, पोरगा घसरगुंडी करत खाली आला, सगळं गाव नाचायला लागलं. संपलं.

वाटलं, आता ताई भडकेल. माझ्यापेक्षा जास्त भडकेल.

"संपलं वाटतं," ताई म्हणाली. "बरं होतं की. रंग छान होते. पोरगा सुटला ना, झालं तर मग. गोळी घेतलीस का?"

"घेतली," मी म्हणालो. घेतली नव्हती.

"बरं, ठेवते."

टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या आणि मी तसाच बसून राहिलो. बायको गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, रडायला खांदे होते. त्या दिवशी सकाळी, भर उजेडात, चहाचा कप हातात धरून मी जेवढा एकटा होतो तेवढा त्याआधी कधी नव्हतो. एका कार्टूनपायी. हसाल तुम्ही. हसा.

राग कुठेतरी काढायला हवाच होता. शिडीमामाच्या जुन्या वाचकांचा फोनवर एक गट आहे, त्यात मी लिहितो कधीमधी. तिथे मी लांबलचक लिहिलं. या लोकांनी शिडीमामाचं मातेरं केलं, टाकीच्या गोष्टीचा गळा घोटला, ज्या मामानं रात्रभर वरच्या पायरीवर बसून पोराला सोबत केली त्याच्या हातात बटण देताना यांना लाज कशी वाटली नाही, वगैरे वगैरे. लिहून जरा बरं वाटलं.

पहिलं उत्तर आलं, "रात्रभर बसला? कधी?" दुसरं आलं, "काका, दुसरीच कुठली तरी गोष्ट आठवत असेल तुम्हाला." मी आणखी पेटलो. म्हटलं, या गोष्टीवर मी लहानाचा मोठा झालोय, मला शिकवता? तेव्हा गटातल्या एका संग्राहकानं, ज्याच्याकडे सगळे अंक जपून ठेवलेले आहेत, काही न बोलता एक फोटो टाकला. टाकीच्या गोष्टीचं शेवटचं पान.

मी ते पान आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. पहिल्या चौकटीत मामा अग्निशमन दलाला फोन करतो. पुढच्या चौकटीत बंब येतो. जवान पोराला उतरवतात. शेवटी मामा बोट उगारून म्हणतो, "मुलांनो, मोठ्यांना विचारल्याशिवाय उंच जागी चढू नये." खाली दंतमंजनाची जाहिरात.

मी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. वाटलं, वेगळी आवृत्ती असेल. त्या संग्राहकाला विचारलं, पतंगाच्या गोष्टीचं शेवटचं पान आहे का? विहिरीच्या? घंटेच्या? भला माणूस, एकेक करत पाठवत गेला. एकही जुळेना. पतंगाच्या गोष्टीत मामा मुलाला नवा पतंग घेऊन देतो. आमच्या गोष्टीत अख्खी गल्ली फुंकर मारून अडकलेला पतंग सोडवते. घंटेच्या गोष्टीत चोर पकडला जातो. आमच्या गोष्टीत चोरच मुळी घंटा वाजवतो, कारण गावात आग लागलेली असते. पुस्तकातला प्रत्येक शेवट बोट उगारून संपत होता. त्या मानानं कार्टूनवाल्यांनी निदान मामाला नाचवला तरी, असं म्हणायची पाळी माझ्यावर आली.

मैत्रिणीकडचा अख्खा अंक! मी कपाळाला हात लावला.

त्या आठवड्यात एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट अडकली. दोन मजल्यांच्या मध्ये, आत एक बाई एकटीच. जोडीदार वर मशीनच्या खोलीत ब्रेक सोडून लिफ्ट मजल्याला आणायला गेला आणि मी दाराशी थांबलो. आतून हुंदके येत होते. अशा वेळी मी नेहमी एकच वाक्य बोलतो. कंपनीत सगळे मला त्यावरून चिडवतात, माझी नक्कल करतात. त्या दिवशीही सवयीनं तोंड उघडलं, "बाई, मी आलोय. मला आत येता येत नाही, पण मी इथून हलत नाही. तुम्ही बोलत राहा." आणि बोलता बोलता मी थांबलो. हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी नोकरीभर परक्या माणसांना धीर देत आलो तो एका शाळकरी मुलीच्या शब्दांनी, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बाई आत म्हणत होत्या, "आहात ना? आहात ना तुम्ही?" मी म्हटलं, "आहे, आहे."

हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. सुटी टाकली आणि सकाळची बस धरली.

ताईनं दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. "काय रे? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. सहज आलो."

"सहज कुणी येतं का एवढ्या लांब? तब्येत बरी आहे ना? गोळ्या आणल्यास का बरोबर?"

"आणल्यात, ताई. बसू तरी दे."

घरात ती एकटीच होती. भाचा आणि सून कामावर, नातू शाळेत. ती राहते ती खोली खरं तर नातवाची. भिंतीला त्याची मोटारींची चित्रं आणि कोपऱ्यात ताईचा पलंग. पलंगाशेजारी खुर्चीवर सुनेचे, भाच्याचे बटणं तुटलेले, शिवण उसवलेले कपडे. तिनं जन्मभर कारखान्यात कॉलरी शिवल्या. आईला दमा झाल्यावर तिची शाळा सुटली आणि ती मशीनवर बसली ती गुडघे गेल्यावरच उठली. मला मात्र तिनं शिकवलं.

चहा झाला. मी तिला फोनवरचं शेवटचं पान दाखवलं. तिनं चष्मा चढवून बघितलं.

"हे काय?"

"टाकीच्या गोष्टीचा शेवट. खरा. आपल्याकडे नव्हता तो."

"बरं मग?"

"तू मला वेगळाच सांगायचीस. म्हणायचीस, मैत्रिणीकडे वाचलाय. कोण होती ती मैत्रीण?"

ती जरा आठवत बसली. मग हसली. "मैत्रीण कुठली? मला कुठे वेळ होता मैत्रिणीकडे जायला! शाळा सुटली की तुला सांभाळायचं, पाणी भरायचं, पोळ्या टाकायच्या. तू रडायला लागलास की थांबायचा नाहीस. काहीतरी सांगून गप्प करत असेन."

"काहीतरी? ताई, सगळ्याच्या सगळ्या गोष्टी! पतंगाची, घंटेची, विहिरीची."

"असेल. मला एक आठवत नाही, बारक्या, शप्पथ. डोक्यात तेव्हा एकच असायचं, आई यायच्या आत पोळ्या व्हायला हव्यात."

मी इतक्या लांबून आलो होतो. मला वाटलं होतं, आम्ही दोघं बसू, ती म्हणेल तुला ते आठवतं का रे, मी म्हणेन तुला हे आठवतं का गं, आणि पुन्हा तसंच खिदळू. आणि इथे सगळं एकट्या मलाच आठवत होतं. ज्या शिडीमामावर मी जीव टाकला तो पुस्तकात नव्हता, कार्टूनमध्ये नव्हता, त्या संग्राहकाच्या कपाटात नव्हता, आणि आता ताईच्या डोक्यातही नव्हता. मला रडूच आलं. या वयात, नातवाच्या मोटारींसमोर बसून मी डोळे पुसले.

"अरे वेड्या, काय झालं?" ती घाबरली. "तू सांग ना मला. काय होतं त्या गोष्टीत?"

मग मी सांगितली. टाकीवर चढलेला पोरगा, निम्म्याला पोचलेली शिडी, घरी गेलेलं गाव. सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेला मामा आणि तो काय म्हणाला ते. पोरगा काय काय बोलला. कुठल्या चौकटीत चंद्र होता आणि कुठल्या चौकटीत ढगात गेला. सकाळी घराघरातून निघालेल्या शिड्या. सांगता सांगता बघितलं तर तिनं शिवायला हातात घेतलेला सदरा बाजूला ठेवला होता. अंड्यापाशी आलो तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"किती छान आहे रे," ती म्हणाली. "कुणी लिहिलीय?"

"तू."

"चल! चेष्टा करू नकोस."

"ताई, तुझ्या गळ्याची शपथ. पुस्तकात बंब आहे आणि उपदेश आहे. हे सगळं तुझं आहे. सदऱ्याच्या तुटलेल्या बटणापासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग नजर वळवून खिडकीबाहेर, समोरच्या इमारतीकडे.

"मला असं सुचायचं?" तिनं हळूच विचारलं.

"रोज."

"मग तेव्हा मला कुणी सांगितलं का नाही रे?"